हद्दीचा दगड मोजणीतच रोवला जावा : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातला ऊस पिकवणारा शेतकरी. आमचं रान पंचगंगेच्या काठाला आहे. 2019 च्या महापुरात नदीकडच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड गेला. वाहून गेला की गाळात गाडला गेला, कुणालाच सांगता आलं नाही. आमची आणि चुलत्यांची हद्द त्याच दगडावरून धरली जायची.

रीतसर फी भरून हद्द कायम मोजणी घेतली. भूकरमापकांनी मशीन लावून कोपरे दाखवले. तिथं बाभळीच्या खुंट्या आम्हीच ठोकल्या, चुना आम्हीच टाकला. वळवाच्या पहिल्या पावसात चुना गेला. ऊस तुटल्यावर पाला पेटवला, त्यात खुंट्याही जळाल्या. हातात राहिली मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत. पुन्हा मोजणी केली तेव्हा वेगळे भूकरमापक आले आणि हद्द दोन फूट चुलत्यांच्या रानात गेली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे.

जुनी मोजणी 33 फुटी साखळीची, त्या साखळीचा चौरस म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा. आमचा बांध 330 फुटांचा. तो दोन फूट सरकला की 660 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन इकडची तिकडं होते.

आता मोजणीला रोव्हर नावाचं मशीन आलंय, उपग्रहावरून जागा काही सेंटिमीटरपर्यंत कळते, मग दगड कशाला, असं मला ऐकवलं जातं. रोव्हर चांगलाच आहे. पण मोजणी सुरू करायला जुनी, खात्रीची खूण लागते. ती सापडली नाही तर वहिवाटीचा बांध धरावा लागतो, आणि तोच सरकलेला असेल तर ती चूक शेजारच्या गटांतही जाते. एका कोपऱ्यावर चार-चार शेतकऱ्यांची हद्द टेकलेली असते, साहेब.

अमेरिकेत 1785 च्या कायद्याने सरकारी जमिनीची मोजणी सुरू झाली. तिथं कोपऱ्यावर खूण रोवून जवळच्या झाडांवर निशाणी करत आणि झाडापासूनची दिशा नि अंतर वहीत लिहून ठेवत. काही ठिकाणी खुणेखाली कोळसा पुरत, कारण तो कुजत नाही. पुढं धातूच्या टोपीवर भागाचे क्रमांक आणि मोजणीचं वर्ष ठोकू लागले. मूळ खूण जागेवर सापडली, तर कागदावरच्या अंतरापेक्षा तिलाच मान असतो.

आपली 1966 ची जमीन महसूल संहिता हद्दीच्या खुणा जपायची जबाबदारी जमीनधारकावर टाकते. मान्य आहे. पण जपायला आधी खूण तर हवी! म्हणून हद्द कायम मोजणीच्या फीमध्येच गट नंबर आणि वर्ष कोरलेला सिमेंटचा खांब द्या आणि भूकरमापकांसमोरच तो खोल रोवला जाऊ दे. विहीर, देऊळ, पूल अशा न हलणाऱ्या जागांपासूनची अंतरं आणि रोव्हरचे अक्षांश-रेखांश 'क' प्रतीवर छापा. रस्त्याला किंवा पाइपलाइनला जेसीबी लावण्याआधी तिथल्या खुणांची नोंद घ्या आणि काम संपल्यावर त्या परत बसवा.

सुरुवात चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंतच्या पूरग्रस्त गावांतून करा, तीही पुढच्या पावसाळ्याआधी. हे पत्र लिहिण्याआधी मी बऱ्याच दिवसांनी चुलत्यांच्या दारात गेलो होतो. खांब रोवताना हजर राहायला ते तयार आहेत. मीही आहे.

आपला,
करवीर तालुक्यातील एक शेतकरी