चालतेय ना, मग पुरे?

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीत पन्नाशीपुढच्या बायकांना व्यायाम सांगायचा झाला की 'रोज चाला' इथेच लेख संपतो. मीही तेवढंच धरून होते. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, सकाळचं पाऊण तास चालणं सहसा चुकवलं नाही. तरी गेल्या वर्षी ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं? डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला लावली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती विरळ ते सांगणारा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हे मला तेव्हा कळलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगितले. "आता आधार न घेता उठा, दहा वेळा." पाचव्या वेळी मांड्या थरथरू लागल्या. आठव्या वेळी उठताच येईना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की सुरुवातीची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. स्नायू तर त्याच्या आधीपासूनच कमी होत असतात. हाडाला भार लागतो, स्नायूची ओढ लागते. चालण्याने हृदयाला फायदा होतो, तो मी सोडणार नाही, पण मनगट-खांद्यांना त्यातून काय मिळणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा. १५० हा आकडा सगळीकडे छापून येतो, पुढचं गळतं.

औषध चालू आहेच. शिवाय एक किलोच्या डंबेल्सपासून सुरुवात करून आता तीनवर आले आहे. दात घासताना बेसिनला बोट टेकवून एका पायावर उभी राहते. पायाचे अंगठे धरायला वाकणं मात्र बाईंनी बंद केलं. हाडं विरळ असताना पाठ गोल करून वाकलं तर मणका दबू शकतो. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळावं?

म्हणून विनंती: खुर्चीतून उठण्याचा व्यायाम फोटोंसह छापा, आणि फोटोत पंचविशीची मुलगी नको, साठीची बाई असू द्या.

– एक निवृत्त शिक्षिका