ब्रिस्टलहून घरी पत्र: रोबोंच्या झुंजीबद्दल आणि बाकीचंही

ती. बाबा, आई आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिस, जेवण, थंडी यांतलं नवीन काही नाही, ते रविवारच्या फोनवर होतंच. हे पत्र मुद्दाम लिहून राहिले. शनिवार-रविवारी मी रोबो लढवते हे कळल्यावर मागच्या फोनवर आई म्हणाली, "इतकी शिकली ती खेळणी फोडायला का?" आणि फोन बाबांच्या हातात दिला. मला राग आला नाही. पण उत्तर नीट द्यावं असं वाटलं.

आई, रोबोंची झुंज हा खेळ आहे, आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकेत डेन्व्हरला विज्ञानकथांच्या संमेलनात १९८७च्या सुमारास लोक घरी जोडलेली यंत्रं एकमेकांवर सोडायचे. त्याला स्पर्धेचं रूप आलं मार्क थॉर्पमुळे. तो सिनेमासाठी मॉडेल करणारा कारागीर. रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करून पाहत होता, तो काही साधला नाही, पण त्यातून डोक्यात हे आलं. ऑगस्ट १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये त्याने 'रोबोट वॉर्स' भरवलं. पुढच्या वर्षी जेमी हाइनमन आणि अॅडम सॅव्हेज यांनी ब्लेंडो नावाचा रोबो आणला. त्याचं कवच म्हणजे उलटी घातलेली चिनी कढई! तिच्या कडेला पाती, आणि ती अख्खी गरगर फिरायची. समोरच्या रोबोचे तुकडे भिंतीवरून पलीकडे उडाले, तेव्हा आयोजकांनी संयुक्त विजेतेपद देऊन त्यांना थांबायला सांगितलं.

तिकडे भागीदारांमध्ये कोर्टकज्जे सुरू झाले आणि १९९७नंतर ती स्पर्धा बंद पडली. पण खेळ तोवर इकडे आला होता. २० फेब्रुवारी १९९८ला बीबीसी टूवर 'रोबोट वॉर्स' लागलं. पहिल्या पर्वात जिंकला रोडब्लॉक, कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन नावाच्या छोट्या गावातल्या शाळेच्या टीमचा. मला हे फार आवडतं. नंतर केऑस टू आला, कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर उडणारं झाकण लावलेला. तो समोरच्याला उचलून थेट अरीनाबाहेर, म्हणजे झुंजीच्या रिंगणाबाहेर फेकायचा. २००४मध्ये कार्यक्रम बंद झाला, २०१६मध्ये ग्लासगोला पुन्हा सुरू झाला, २०१८मध्ये परत थांबला. अमेरिकेतलं 'बॅटलबॉट्स' १९९९पासूनचं. तिथे एकेक यंत्र ११३ किलोपर्यंत असतं.

टीव्ही थांबला म्हणून लोक थांबले नाहीत. ज्यांनी शाळेत असताना हे पाहिलं ते आज चाळिशीला आलेत आणि स्वतःची पोरं घेऊन येतात. सकाळी हॉलच्या दाराशी पोरं आपापले रोबो छातीशी धरून उभी असतात, तेव्हा मला आपला तान्हा पोळा दिसतो, लाकडी बैल सजवून निघालेली पोरं. तीच रंगरंगोटी, आपला सगळ्यात देखणा हीच खात्री, आणि मागे बापाचा हात. इथे दीडशे ग्रॅमचाही गट आहे, त्यात दहा-बारा वर्षांची मुलं मोठ्यांना सहज हरवतात. माझा गट दीड किलोचा. एक झुंज तीन मिनिटांची.

बाबा, हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जे मला दाखवायचे ते इथे रोज कामी येतं. फिरत्या हत्याराचं गणित म्हणजे पॉवर प्रेसच्या फ्लायव्हीलचंच गणित. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. पण मार दोन्हीकडे बसतो, म्हणून आपलंच बेअरिंग आधी जातं. उभं चाक फिरत असताना रोबो झपकन वळवला तर एक बाजू जमिनीवरून उचलली जाते. पात्याला हार्डॉक्स नावाचं कडक पोलाद वापरतो, कोळशाच्या खाणीतल्या डंपरला लागतं तेच. चेसिसला एचडीपीई, म्हणजे आईच्या भाजी चिरायच्या पांढऱ्या पाटाचं प्लास्टिक. ते मार खातं, वाकतं, पण तडकत नाही. मोटरी ड्रोनच्या.

आता एक गोष्ट सांगते. ती मला अजूनही पूर्ण उमगलेली नाही, म्हणून सावकाश सांगते. इथे तुमचा रोबो ज्याने फोडला, तोच पाच मिनिटांत पाना घेऊन तुमच्या टेबलाशी येतो. आयोजकांनी सांगितलेलं नसतं, नियमातही नाही. तो विचारतो, काय गेलं? मोटर गेली असेल तर आपल्या डब्यातली काढून देतो. बॅटरी, स्पीड कंट्रोलर, चाकं, सगळं देतात. त्यातून तुम्ही दुरुस्त होऊन पुढच्या फेरीत त्यालाच हरवलंत, तरी तो टाळ्या वाजवतो. आजी विचारेल, "काहून बाप्पा, मग वैर कशाचं?" वैर नाहीच, आजी. नीट बघ, दिवसभरात प्रत्येकाच्या दोन-चार झुंजी असतात आणि मध्ये थोडाच वेळ मिळतो. त्या वेळात यंत्र उभं राहिलं नाही तर पुढची झुंज समोरच्याला न लढताच मिळते. आणि न लढता मिळालेली जीत इथे कोणालाच नको असते. महिनोन् महिने खपून तीन मिनिटांसाठी आलेला माणूस रिकामी अरीना बघायला आलेला नसतो. म्हणून समोरच्याला उभं करणं हे ज्याचं त्याचं काम. घेतलेल्या वस्तूचे पैसे विचारायचे नाहीत, पुढच्या वेळी तशीच वस्तू आणून द्यायची. आणि आपल्याकडे कोणी मागायला आलं तर आपणही द्यायचं, उद्या तोच समोर असला तरी. माझी चाकाची मोटर जळाली तेव्हा एका निवृत्त काकांनी, ज्यांच्या पात्याने ती जळाली त्यांनीच, शेजारी बसून सोल्डरिंग केलं. परक्या देशात माझ्यासाठी कोणी असं बसलेलं नव्हतं.

हात कापेल ही तुमची काळजी. नाही कापणार. अरीनाला पॉलीकार्बोनेटच्या जाड भिंती आहेत, आणि दार बंद झाल्याशिवाय पातं फिरवू देत नाहीत. प्रत्येक यंत्रात वीज तोडणारी लिंक असते, टेबलावर असताना ती काढून ठेवायची आणि पात्याला लॉक लावायचं. लिथियम बॅटरी पेटते हे खरं, म्हणून चार्जिंगचं टेबल वेगळं असतं, आग न लागणाऱ्या पिशव्या असतात, माणूस नेमलेला असतो. झाडूनपुसून सगळं तपासल्याशिवाय कोणालाही उतरवत नाहीत. बाबा, तुमच्या लेथवर इतकी काळजी कधी घेतली नव्हती. आणि हे एकट्या गोऱ्यांचं वेड नाही. मुंबईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये आपलेच पोट्टे ६० किलोचे बॉट लढवतात.

फोटोत माझ्या शेजारी उभा असलेला उंच मुलगा टीममधला आहे, आई. त्याचं लग्न झालंय. फोटो त्याच्या बायकोनेच काढला.

यात पैसे उडवते असंही समजू नका. माझ्या खर्चातून बाजूला काढते, घरच्या पैशाला हात लावत नाही. दिवाळीच्या तिकिटासाठी ठेवलेले पैसे मी काल बाबांच्या खात्यात पाठवले. दिवाळीला सुट्टी मिळत नाही, आणि व्हिसाचं नूतनीकरण मध्येच आलं आहे. ते पैसे आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लावा. धंतोलीच्या डॉक्टरांनी जी तारीख दिली तीच घ्या, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. दादा एकटाच हॉस्पिटल आणि दुकान दोन्ही सांभाळून राहिला आहे, हे मला कळतं. वहिनीला म्हणावं, रात्रीच्या ड्युटीसाठी बाई लावा, तिचे पैसे दर महिन्याला मी देईन. आई, तू उठून पहिलं पाऊल टाकशील तेव्हा मी तिथे असायला हवी होते. व्हिडिओ कॉल लावायला दादाला सांगितलंय, वेळ कोणतीही असू दे.

आणि अमरावतीचं स्थळ. बायोडेटा वाचला. मुलगा चांगला वाटतो, नाही म्हणत नाही. पण त्यांना हो कळवू नका, आणि डिसेंबरचा हॉल तर मुळीच बघू नका. त्याचा नंबर पाठवा, आधी मी स्वतः बोलते. शनिवार-रविवार मी काय करते हे त्याला मीच सांगेन. पुण्याच्या मावशींना यातलं काही बोलू नका, त्या लगेच नागपूरला येऊन इतवारीत साड्या बघायला निघतील.

आजीला औषध वेळेवर द्या.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पात्याचं टोक दर वेळी एकाच जागी चिरतं. हार्डॉक्सला छिद्र पाडताना किंवा कापताना फार तापलं तर कडा मऊ होते, तसं काही असेल का? फोटो दादाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला आहे. चष्मा लावून बघा आणि सांगा.