इंजिन चालू केलेत, आता पट्टीही बसवा

संपादक महोदय,

आमच्या कुडाळ भागात पावसाळ्याच्या तोंडावर कौले परतायची आणि कुजलेल्या रिपा बदलायची घाई असते. यंदा वाडीतल्या दोघा मुलांनी आजोबांचे कूपर कंपनीचे डिझेल इंजिन पडवीतून बाहेर काढले, महिनाभर खपून चालू केले आणि पट्ट्यावर दोन फुटी गोल करवत जोडली. तो ठोका ऐकून मला भरून आले. 31 वर्षे मी अशाच करवतीवर उभा होतो. जवळ गेलो तर पट्टा उघडा, पाते उघडे आणि पात्यामागची पोलादी पट्टी नाहीच. ‘ती कशाला लागते, काका?’ असे मुलांनी विचारले, म्हणून हे पत्र.

लाकूड चिरताना त्यातला ताण सुटतो, कापलेली फट मागून मिटते आणि पाते आवळले जाते. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, पण मागचे दात वर येत असतात. फट मिटली की ते लाकूड उचलून समोरच्या माणसावर फेकतात. पात्यामागची पट्टी त्या फटीत उभी राहून ती मिटू देत नाही. असे पाते मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे 48 मीटर पळते. 1987 साली माझ्या सोबत्याच्या पोटात फणसाची फळी अशीच बसली. तो वाचला, पण वखारीत परत आला नाही. ‘फळी अडते’ म्हणून पट्टी काढून खुंटीला टांगलेली होती. पात्याच्या पत्र्याहून जाड, कापाच्या फटीहून किंचित पातळ आणि दातांपासून अर्ध्या इंचाच्या आत, एवढेच तिचे माप.

डिझेल तोडले तरी इंजिनाची जड चाके पाते फिरवत राहतात. म्हणून पट्टा सरकवायला शेजारी रिकामी, म्हणजे पाते न फिरवता नुसतीच फिरणारी पुली हवीच, आणि पाते पुरते थांबल्याशिवाय भुशात हात घालू नये. शेवटचा तुकडा काठीने ढकलावा. लुंगी, गळ्यातला पंचा पट्ट्याजवळ नको. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मुठीत अडकलेला अंगठा मोडतो.

फिरत्या चाकाला भक्कम आडोसा हवा, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 21व्या कलमातच लिहिले होते. परसातले इंजिन बघायला मात्र कोणी येत नाही.

त्या मुलांची पट्टी मी कापून दिली आहे. आणखी कोणाकडे अशी करवत असेल, तर पात्याची जाडी आणि दातांची फाक, म्हणजे दात दोन्ही बाजूंना किती वाकवलेत ते, मोजून आणावी; माप मी काढून देईन.

— वखारीतला एक जुना कामगार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग