उंदरांच्या गाठी आणि आपलं स्टिंग

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रेणूने उंदरांच्या गाठी आक्रसल्या हे ऐकून आईला आणि मला फार आनंद झाला. कर्करोगावर थेट विष न टाकता शरीराच्याच पेशींना त्याच्यावर सोडायचं, हा विचार मला मनापासून पटतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

ऑकलंडच्या शास्त्रज्ञांनी डीएमएक्सएए नावाचा रेणू बनवला होता. उंदरांच्या गाठी त्याने अक्षरशः मरायच्या. गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारं औषध म्हणून तो माणसांपर्यंत पोचला. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे १३०० रुग्णांवर केमोथेरपीच्या जोडीने मोठी चाचणी झाली. आयुष्य वाढलं नाही. २०१० मध्ये ती थांबवली.

कारण उलगडलं ते नंतर. केंद्रकातला डीएनए बाहेर पेशीद्रवात सापडला, की सीगॅस हे एन्झाइम सीगॅम्प नावाचा चिमुकला रेणू तयार करतं. तो स्टिंग या प्रथिनावर बसतो, पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते आणि त्यातून शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी गाठीविरुद्ध कामाला लागतात. तू प्रयोगशाळेत जे घडवू पाहतेस, त्याची सोय शरीरात आधीपासून आहे! एवढी वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही हे वाचताना मी थक्क झालो. डीएमएक्सएएसुद्धा स्टिंगलाच चेतवत होता, पण फक्त उंदराच्या. २०१३ मध्ये हे स्पष्ट झालं. माणसाच्या स्टिंगमधलं एक अमिनो आम्ल उंदरासारखं करून पाहिलं, तर तिथेही तो काम करू लागला. एवढ्याशा फरकापायी सगळं वाया गेलं. त्या १३०० घरांनी काय आशा धरली असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

वाट बंद झाली नाही. माणसाच्या स्टिंगला चेतवणारे कृत्रिम रेणू २०१८ मध्ये पुढे आले. पण ते माणसाचं प्रथिन समोर ठेवून शोधलेले होते.

म्हणून सई, उंदरांची पुढची तुकडी मागवण्याआधी माणसाच्या रक्तातल्या पेशींवर तुझा रेणू घालून बघ. इंटरफेरॉन येतं का ते मोज. तुझ्या सरांना पेपरची घाई असेल, ते मी समजू शकतो. तरीही हा आग्रह त्यांच्याकडे धर. तू नीट सांगितलंस तर ते ऐकतील. आणि निकाल कसाही आला तरी मला लगेच फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझा,
बाबा