टॉर्शन बार आपल्या रस्त्याकडे बघून निवडा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो बघून खूप बरं वाटलं, आपल्या गोव्यात एवढ्या जुन्या पोर्शे आणि जॅग्वार अजून चालत्या आहेत ही मोठी गोष्ट आहे. पण त्या मजकुरात एक वाक्य होतं, की जुनी स्पोर्ट्स कार टाईट करायची तर जाड टॉर्शन बार टाका, जितका जाड तितकी ग्रिप चांगली. ते वाचून आमच्या फोंड्यातल्या दोघांनी बाहेरून सगळ्यात जाड सेट मागवायची तयारी चालवलीय, आणि हे पैसे तर जाणारच पण गाडीचीही वाट लागणार म्हणून तातडीने लिहितोय.

टॉर्शन बार ही काही परदेशी जादू नव्हे. आपल्या अँबेसिडरच्या पुढच्या चाकांना तोच होता, टाटा सुमोला होता, पहिल्या स्कॉर्पिओलाही होता. पोलादाची सरळ सळी, एक टोक बॉडीत घट्ट, दुसरं टोक चाकाच्या आर्मला, चाक वर उचललं की सळी पिळते आणि परत सरळ व्हायला बघते, तीच स्प्रिंग. फर्डिनांड पोर्शेंनी १९३१ साली याचं पेटंट घेतलं, मग ते फोक्सवॅगन बीटलमध्ये आलं, आणि पोर्शे ९११ मध्ये १९६४ पासून १९८९ पर्यंत चारही चाकांना हेच राहिलं, कॉईल स्प्रिंग ९११ च्याच त्यानंतरच्या ९६४ नावाच्या मॉडेलला आली. जॅग्वार ई-टाईपला पुढे टॉर्शन बार आणि मागे कॉईल, म्हणजे तिथे बारचा विषय फक्त पुढच्या चाकांचा.

आता मापाचं. जुन्या ९११ ला कंपनीकडून पुढे १९ मिमी आणि मागे २३ मिमीचा बार. बाहेर सगळे सांगतात २१-२६ टाक (म्हणजे पुढे २१, मागे २६), कोण म्हणतो २२-२८ टाक. ऐकायला दोन-तीन मिमीचा फरक, त्यात काय एवढं असं वाटतं. पण सळीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास × व्यास × व्यास × व्यास असा गुणाकार करायचा, आणि नव्या बारच्या उत्तराला जुन्याच्या उत्तराने भागायचं. १९ चा २१ केला की कडकपणा जवळजवळ दीडपट, २२ केला की १.८ पट. मागे २३ चा २६ केला तर १.६ पट आणि २८ केला तर दुपटीच्याही वर, २.२ पट! मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर दोन मिनिटांत कोणीही करून बघावं, ऑर्डर द्यायच्या आधी करावंच. स्वतः कंपनीने काय केलं ते बघा ना, १९८६ पासूनच्या ९११ कॅरेराला मागे २५ दिला, आणि ९११ टर्बोसारख्या जोरकस गाडीलाही कितीतरी वर्षं मागे २६ च होता. मग आपण मिरामार ते दोनापावला फिरवायच्या गाडीला २८ कशासाठी घालायचा?

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या-मागच्याचा मेळ. ९११ चं इंजिन मागे, वजन मागे जास्त. मागचा बार एकट्याने जाड केला तर वळणावर मागची बाजू सुटायला बघते, आणि पुढचा एकटाच जाड केला तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जायला बघते. दोन्ही प्रकार चोर्ला घाटात पावसात नको आहेत. बार बदलायचेच तर दोन्हीकडचे, आणि दोन्हीकडे वाढ साधारण त्याच पटीत.

माझं मत विचाराल तर गोव्यात रस्त्यावर चालवायच्या ९११ ला मूळचे १९-२३ च राहू दे, बदलायचेच तर पुढे २० आणि मागे २४. २०-२४ ला वाढ पुढे १.२३ पट आणि मागे १.१९ पट होते, म्हणजे गाडीचा स्वभाव तोच राहून फक्त जरा आवळल्यासारखी होते. २१-२६ ज्याला ट्रॅकवर जायचंय त्याने घ्यावा, तोसुद्धा गुळगुळीत ट्रॅकवर. आपल्याकडे पणजीच्या अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर कडक गाडी छान वाटते हे मान्य, पण पूल संपल्यावर काय? उसगाव-तिस्क बाजूला ट्रकांनी रस्त्याचं काय केलंय ते तुमच्याच पेपरात आम्ही वाचतो. कडक बारवर चाक खड्ड्याच्या कडेवरून उडतं, रस्ता सोडतं, आणि जे चाक रस्त्याला टेकलेलंच नाही त्याला ग्रिप कुठली? शिवाय जो धक्का बारने पिळून खायचा तो थेट बॉडीला जातो, आणि पन्नास वर्षं खाऱ्या हवेत राहिलेल्या पत्र्याला तो झेपत नाही.

गतिरोधकांचंही सांगायलाच हवं. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ठरलेलं आहे, गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, २५ च्या स्पीडने आरामात जाता येईल असा. आपल्या वाड्यावाड्यातले बघा, हातभर रुंद आणि उभा कठडा. अशा ठिकाणी मऊ आणि उंच गाडी सुखरूप जाते, खाली बसवलेली कडक गाडी पोट घासते.

इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. सुमो-अँबेसिडरवर हात बसलेला मेकॅनिक म्हणतो बार टाईट करून देतो, आणि अॅडजस्टरचा बोल्ट फिरवून गाडी वर उचलतो. गाडी वर आली म्हणजे कडक झाली असं मालकाला वाटतं. तसं नसतं. बोल्ट फिरवला की फक्त उंची बदलते, सळी तीच, जाडी तीच, कडकपणाही तोच. तसंच गाडी खाली बसली म्हणजे बार गेला असंही नाही, कितीतरी वेळा रबरी बुश मेलेले असतात किंवा मागे कोणीतरी सेटिंग चुकीचं बसवलेलं असतं. हजारो रुपयांचा बार मागवायच्या आधी बुश आणि शॉकअप बघा. आणि बार जाड केला तर शॉकअपही त्याच्या जोडीचा हवा, नाहीतर जुना शॉकअप नव्या बारला आवरू शकत नाही, गाडी एका उंचवट्यावरून गेल्यावर पुढच्या लाईटच्या खांबापर्यंत डुलत राहते.

गाडी वळणावर झुकते एवढीच तक्रार असेल तर जरा जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी सळी) लावून बघा, तो एक चाक वर आणि एक खाली असतानाच काम करतो, दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली की मध्ये येत नाही. आपल्या रस्त्यांना हा उपाय जास्त मानवतो असं मला मनापासून वाटतं.

आता बार काढून बघणाऱ्यांसाठी. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय घातलंय सांगता येत नाही, म्हणून सळीच्या मधल्या भागावर व्हर्नियर लावून मोजा, टोकांच्या दात्यांवर नको, टोकं जाड असतात. डावा-उजवा खूण करून ठेवा, कारण बार बनवतानाच एका दिशेला पीळ देऊन ठेवलेला असतो, उलट बाजूला बसवला तर तडा जाऊ शकतो. ९११ च्या मागच्या बारला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतून एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरून एक दाता म्हणजे ८.१८ अंश, मग आत एक पुढे आणि बाहेर एक मागे केला की फरक फक्त ०.८२ अंशाचा पडतो. एवढं बारीक सेटिंग नुसत्या दात्यांवर मिळतं, किती सुंदर डोकं लावलंय बघा! काढायच्या आधी स्प्रिंग प्लेटचा (बारचं बाहेरचं टोक चाकाच्या आर्मला जोडणारी पट्टी) कोन मोजून लिहून ठेवला नाही तर मात्र डाव्या-उजव्या उंचीचा मेळ बसेपर्यंत परत परत खोलावं लागतं.

आणि हात फिरवून बघा, अगदी सावकाश. पिळाचा सगळ्यात जास्त ताण सळीच्या वरच्या थरावर असतो, मधल्या गाभ्याला तसं काम कमीच (म्हणून तर पोकळ बार चालतात, अर्ध्या व्यासाचा गाभा काढून टाकला तर वजन चौथ्या हिश्शाने कमी आणि कडकपणा फक्त सोळाव्या हिश्शाने). त्यामुळे वरचा रंग उडून गंजाचा एक ठिपका खोल गेला की तडा तिथूनच सुरू होतो. नखाला खड्डा लागला तर तो बार परत घालू नका. चांगला असेल तर रंगाचे टवके भरून, दात्यांना भरपूर ग्रीस लावून बसवा, आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि समुद्राच्या हवेत हे काम टाळून चालत नाही.

संपादक साहेब, एक विनंती. राज्यात ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी आपल्या बारचं पुढचं-मागचं माप आणि गाडी जास्त करून कुठल्या रस्त्यावर चालते एवढं तुमच्याकडे लिहून पाठवलं तर पुरवणीत एका कोपऱ्यात छापाल का? परदेशातल्या ट्रॅकवरचे आकडे सगळ्यांकडे आहेत, म्हापसा-पणजी-मडगावचे कोणाकडेच नाहीत.

आपला नेहमीचा वाचक,
फोंडा, गोवा