यशोगाथेखाली एक चौकट हवी

मा. माहिती व जनसंपर्क मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मी बँकेच्या काउंटरवर बसून निवृत्त झालो. २०११ पासून ‘लोकसत्ता’त गणेशोत्सवाच्या दिवसांत ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात सेवाभावी संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक त्या संस्थेच्याच नावाने चेक पाठवतात. त्या दिवसांत माझ्याकडे नवं चेकबुक मागायला अशी माणसं येत, ज्यांचा वर्षभरात एक चेक वटलेला नसे.

एका आजींचा चेक संस्थेच्या लांबलचक नावात खाडाखोड होऊन वाया गेला होता. त्यांनी पिशवीतून कात्रण काढलं. घडीवर हळदीचा डाग. म्हणाल्या, “दुसरा तुम्हीच लिहा, ५०१चा. वसतिगृहाच्या छपराला पत्रे हवेत म्हणे. एवढ्यात पत्रा नाही येणार, पण खिळे तरी येतील ना?”

(छपराचे पत्रे हे खरं तर सरकारचं काम. तो विषय वेगळा, पण विसरलेलो नाही.)

नुसती हलाखी छापली असती तर आजींनी चुकचुकून पान उलटलं असतं. नुसतं कौतुक असतं तर ‘छान चाललंय हो’ म्हणून. काम उभं राहिलंय आणि छप्पर राहिलंय, हे दोन्ही एकाच कात्रणात होतं.

तुमच्या खात्याच्या यशोगाथा मी वाचतो, सरकारचं मासिक ‘लोकराज्य’ही चाळतो. तिथे सगळं होऊन गेलेलं असतं. तलाव भरलेला, बचत गट नफ्यात, लाभार्थी हसतमुख. वाचणाऱ्याने आता करायचं काय?

पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपला, म्हणजे गावांनी श्रमदानातून जलसंधारण करायच्या स्पर्धेला, २०१६मध्ये वरूड, कोरेगाव, अंबाजोगाई असे तीनच तालुके होते. पहिल्या वर्षी जिंकलेल्या वेळूसारख्या गावांची गोष्ट लोकांपर्यंत पोचली आणि १ मे २०१८च्या महाश्रमदानाला शहरातली माणसं घमेली उचलायला गेली. खोदायचं बाकी होतं, आणि कुठे यायचं तेही सांगितलेलं होतं.

तेव्हा प्रत्येक यशोगाथेखाली एक चौकट द्या. अजून काय हवंय, चेक कोणाच्या नावे, जायचं कसं. संस्थेची नोंदणी आणि ऑडिट आधी तपासून घ्या. एकदा पैसे बुडाले की आजी पुन्हा कात्रण जपून ठेवणार नाहीत. आणि अनुदान थकल्यामुळे अडलं असेल तर तेही त्याच चौकटीत छापा. जड जाईल, कल्पना आहे.

जागा नसेल तर फीत कापतानाचा एक फोटो गाळा. तेवढ्यात चौकट बसते.

कळावे,
काउंटरवरचा एक निवृत्त क्लार्क