आमच्या हरकतींवर लाल शाई चालवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

वस्तीच्या कडेच्या शेतजमिनीवर येऊ घातलेल्या गृहप्रकल्पाच्या सुनावणीला आता महिना उलटला. रेखांकन फेरविचारासाठी परत पाठवले आहे, एवढेच सध्या हाती आहे. निर्णय लागलेला नसताना हे पत्र लिहीत आहे, कारण आभार निर्णयाचे नाहीत. ते जाहीरपणे मानतो आहे, कारण हरकतींवर सह्या करणाऱ्या अनेकांना मूळ मसुद्यातला निम्मा मजकूर कुठे गेला, याचा उलगडा अजून झालेला नाही. तो तुम्ही खोडला.

नगररचनेच्या नोकरीतून निवृत्त झालेली, आमच्यापैकी कोणाचीही नातलग नसलेली व्यक्ती आमचे कागद वाचायला तयार होते, याचेच आम्हाला अप्रूप होते. तुम्ही मसुदा उघडला, लाल पेन मागितले आणि पहिल्याच पानावर सलग तीन मुद्दे आडवे केले: नव्या लोकांमुळे परिसराची शांतता भंगेल, आमच्या घरांच्या किमती उतरतील, खिडकीतून दिसणारे शिवार दिसेनासे होईल. समासात लिहिलेत, ‘हे तुमचे गाऱ्हाणे आहे, जमिनीचे नाही.’ इंग्लंडच्या नियोजन व्यवस्थेत देखावा हरवणे किंवा घराची किंमत कमी होणे ही कारणे सहसा विचारातच घेतली जात नाहीत, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा काहींना ते पटले. पण मी मात्र चिडलो होतो. मग तुम्ही अगदी शांतपणे विचारलेत, ‘तुमचे घर उभे आहे तिथे आधी काय होते?’ तिथे शेत होते. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरांखाली शेतच आहे. त्या प्रश्नानंतर बैठकीतला आवाज जो खाली आला तो शेवटपर्यंत खालीच राहिला, आणि माझ्या मते आमच्या कामाची खरी सुरुवात तिथून झाली.

दुसऱ्या रविवारी तुम्ही पिशवीतून दोन्ही तोंडे उघडी असलेले, वीतभर उंचीचे एक लोखंडी कडे काढलेत. वापसा आलेल्या रानात ते फळी ठेवून हातोडीने चार बोटे आत ठोकलेत, आत तांब्याभर पाणी ओतलेत आणि आम्हाला वेळ मोजायला सांगितलीत. कोणी फोन काढून घड्याळ लावेपर्यंत निम्मे पाणी मुरलेही होते. तळाशी फक्त ओली, काळसर, भोकाभोकांची माती उरली आणि तिच्यातून एक गांडूळ अर्धे वर आले. तेच कडे मग ट्रॅक्टर ये-जा करतात त्या वाटेवर ठोकायला दुप्पट घाव लागले. तिथे पाणी थांबून राहिले. काडीकचरा त्यावर तरंगत होता, आभाळ त्यात दिसत होते, आणि आम्ही निम्मा तास उभे राहून कंटाळलो तरी पातळी जेमतेम नखभर उतरली. दोन्ही ठिकाणी माती एकाच शेताची होती. एके ठिकाणी तिच्यात पोकळ्या होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी चाकांनी त्या दाबून टाकल्या होत्या, एवढाच फरक.

हिशेब तुम्ही आमच्याकडूनच करून घेतलात. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणजे १ हेक्टरवर २५ मिलिमीटरची एक सर कोसळली तर अडीच लाख लिटर. आज त्यातले बरेचसे मुरते. छपरे, रस्ते आणि वाहनतळ झाल्यावर ते वाहणार. त्यानंतर तुम्ही रेखांकनाचा पावसाळी पाण्याचा नकाशा पसरलात आणि उताराचा निळा बाण बोटाने हद्दीपर्यंत नेलात. बाण हद्दीच्या रेषेशी संपत होता. ‘नकाशातले पाणी इथे थांबते,’ असे म्हणून तुम्ही बोट तसेच पुढे, उताराकडच्या शेतांवरून आणि घरांवरून, कागदाच्या कडेपर्यंत नेलेत. सुनावणीत आम्ही फार बोललो नाही. तोच नकाशा मांडला, कड्याच्या मोजणीचा तक्ता जोडला आणि बाणाच्या पुढे काय आहे एवढेच विचारले. रेखांकन परत गेले त्याला हा प्रश्न बराचसा कारणीभूत ठरला असावा, असा माझा समज आहे.

वरचा मातीचा थर काढून ठेवू आणि बांधकामानंतर पुन्हा पसरू, या आश्वासनावर आम्ही जवळजवळ समाधानी होतो. उंच ढिगात दाबून ठेवलेल्या मातीच्या पोटात हवा राहत नाही, तिच्यातली सजीव सृष्टी गुदमरते आणि पसरल्यावर ती रंगाने तशीच दिसली तरी घडणीने तशी राहत नाही, हे तुमच्यामुळे कळले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार २ ते ३ सेंटिमीटर माती तयार व्हायला १,००० वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो. आश्वासनाच्या कागदावर या कामासाठी अठरा महिने धरलेले होते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र तुम्ही सुनावणीच्या बाहेर केलीत. जमीन विकायला निघालेल्या शेतकऱ्याला आम्ही बैठकीत जवळजवळ गुन्हेगार ठरवले होते. तुम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि सोबत मला नेलेत. कर्ज, थकलेले गुडघे, शेती करायला तयार नसलेली मुले, हे सगळे सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘हिरवळ तुम्हाला हवी, ती राखायची मात्र मी.’ माझ्याकडे उत्तर नव्हते. परत येताना तुम्ही सांगितलेत की अमेरिकेतल्या काही भागांत १९७० च्या दशकापासून शेतजमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा सार्वजनिक पैशातून विकत घेतला जातो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कसणाराही तोच राहतो, पण तिची नुसती शेतीची किंमत आणि बांधकामाची किंमत यांतला फरक त्याच्या हाती पडतो. आमच्या हरकत अर्जात शेतकऱ्याच्या मोबदल्याचा परिच्छेद आला तो त्या संध्याकाळमुळे.

घरे कुठे बांधावीत, हेही आम्हाला लिहायला लावलेत. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या १९७३ च्या कायद्यामुळे तिथल्या प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखावी लागते, पण त्या हद्दीच्या आत सुमारे २० वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागाही दाखवावी लागते, हे उदाहरण देऊन तुम्ही म्हणालात की घर नसलेल्या माणसाला नुसता नकार ऐकवण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यानंतर आम्ही तीन शनिवार पायी फिरून बंद गोदामे, पडक्या चाळी आणि रस्ता, गटार, वीज आधीच पोहोचलेले रिकामे भूखंड नोंदवले. ती यादी अर्जाला जोडली आहे. तिच्यातल्या दोन जागा पाणथळ निघाल्या, तो दोष आमचा.

एका खोडलेल्या मुद्द्याबद्दल मात्र माझे अजूनही दुमत आहे. बांधावरच्या पायवाटेचा उल्लेख तुम्ही ‘पुरावा नाही’ म्हणून काढलात. मागच्या आठवड्यात एका जुन्या मोजणी नकाशावर त्या बांधाला समांतर तुटक रेघ सापडली आहे. ती वाटेचीच खूण आहे की आणखी कशाची, हे तुम्हीच पाहून सांगावे. नकाशाची प्रत सोबत पाठवत आहे.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताची गोष्ट तुम्ही निरोप घेताना सांगितलीत, तेव्हा ती आम्हाला जरा अवेळी वाटली होती. २००५ मध्ये राखलेल्या हरित पट्ट्यातून २०२२ साली ५०,००० घरांसाठी सुमारे ७,४०० एकर जमीन वगळली गेली. लोकांचा रोष आणि लेखापरीक्षकांचा अहवाल यांनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. फाइल बांधून माळ्यावर टाकू नका, असे तुम्ही म्हणाला होतात. ती माझ्या टेबलावर आहे, आणि तुमचे कडेही तिच्याशेजारीच आहे. सुधारित रेखांकन येण्याआधी उताराकडच्या दोन शेतांत मोजणी करायची राहिली आहे. पाऊस उघडून वापसा आला की कळवतो. कडे ठोकायला आता आम्हाला येते, पण जागा तुम्ही निवडून द्यावी.

आपला कृतज्ञ,
हरकतदारांपैकी एक